गोपिकाबाईंनी पाळलेलं ग्रहण

दैवशालानं गोपिकाबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते मंठ्याच्या बाजारात. ही बाई पुढे आपली सासू होणार आहे याचा तेव्हा तिला पत्ताही नव्हता. बारावीची परीक्षा संपली होती. वडिलांबरोबर ती बाजाराला आली होती, आणि वडील बियाण्याच्या दुकानात गप्पांत अडकले म्हणून जनावरांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. तिथे लिंबाखाली एक उंच, हडकुळी बाई गाभण शेळीचं दावं मनगटाला गुंडाळून बसली होती. गिऱ्हाईक चांगलं मिळालं होतं, सौदा ठरल्यात जमा होता. तेवढ्यात बाईनं विचारलं, "हिला बांधणार कुठं?"

"बांधू की कुठंबी. अंगणात."

"सावली?"

"पत्रा हाय ना."

"पत्र्याखाली? उन्हाळ्याच्या दिवसांत? आन ही व्यायला लागली तर जवळ कोण असंल?"

गिऱ्हाईक हसलं. "मावशे, शेळी इकायलीस का पोरगी द्यायलीस?"

"न्हाई द्यायची," असं म्हणून बाई उठलीच. "दुसरी बघ जा."

दैवशाला तिच्याकडे बघत राहिली. न विकलेली शेळी घेऊन ती बाई रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनं चालली होती आणि शेळीला तिनं आपल्या सावलीत घेतलं होतं.

दोन वर्षांनी हीच बाई पाहुण्यांबरोबर दैवशालाच्या घरी आली. दैवशालानं तिला चालण्यावरून ओळखलं आणि तिला बरं वाटलं. जी बाई शेळीला इतकं जपते, ती सुनेला किती जपेल, असं तिच्या मनात आलं. त्या विचारात काही चूक नव्हती. जपणं कुठवर जाऊ शकतं, एवढंच तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन ती कुंभार पिंपळगावच्या अलीकडे, शेतातल्या वस्तीवर आली. सासरची माणसं मूळची मेंढरांमागे फिरणारी. सासरे राधाकिसन यांच्या वडिलांच्या काळात चार एकर जमीन झाली आणि बिऱ्हाड एका जागी टेकलं, पण मेंढरं सुटली नाहीत. राधाकिसन सकाळी मेंढरं घेऊन जात ते दिवस मावळताना येत. नवरा सुग्रीव उसाच्या हंगामात कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तो घरी असला तर असला. सुग्रीव दाट मिशी ठेवतो. मिशीखाली वरच्या ओठावर टाक्यांची एक उभी रेघ आहे. जन्मतः त्याचा ओठ दुभंगलेला होता. शाळेत जाण्याआधी एका मोफत शिबिरात तो शिवला गेला. भावकीतल्या बायका दैवशालाला पहिल्याच महिन्यात कानाशी लागून सांगून गेल्या होत्या, "गिरानाचा ओठ हाय तो. तुझ्या सासूनं गिरानात वांगी चिरली." ग्रहणाला त्या भागात गिरान म्हणतात.

गोपिकाबाई स्वतः यावर कधी बोलल्या नाहीत. त्या एरवी बोलायच्या, म्हणजे पुष्कळच बोलायच्या. मेंढरांशी, चुलीशी, वाऱ्याशीही बोलायच्या. भांडं पडलं तर भांड्याला म्हणायच्या, "पड, तुलाबी बसायला जागा न्हाई." पण ओठाचा विषय निघाला की त्यांना नेमकं बाहेर काही काम आठवायचं.

दैवशालाचं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच झालं. कळा सुरू झाल्या तेव्हा ती शेतात होती. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मुलगा झाला होता, ओंजळीत मावेल एवढा. तो संध्याकाळपर्यंत होता. गोपिकाबाईंनी सुनेला एका शब्दानं दोष दिला नाही. घरी आल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "माझं ध्यान न्हवतं." आणि दुसऱ्या वेळेला दिवस राहिले तेव्हा त्यांनी ध्यान द्यायला सुरुवात केली.

आधी दैवशालाचं शेतात जाणं बंद झालं. मग हौदावर जाणं, मग अंगण झाडणं, मग उंबरा ओलांडून एकटीनं कुठेही जाणं. तिची बाज मधल्या खोलीत आली, कारण त्या खोलीला बाहेरचं दार नव्हतं. बाहेर जायचं तर गोपिकाबाईंच्या अंथरुणावरून जावं लागे. त्यानंतर ताटातले पदार्थ कमी होऊ लागले. बाजरी उष्ण, म्हणून ती गेली. तीळ तर बिलकुल नाही, तिळानं पोट पडतं. संक्रांतीला सगळ्यांच्या तळहातावर तिळगूळ आला, दैवशालाच्या हातावर साखर. शेंगदाण्यानं पित्त होतं, मेथीनं वात. शेवटी ताटात ज्वारीची भाकरी, पातळ वरण आणि दूध एवढंच राहिलं. गोपिकाबाई समोर बसून खायला लावायच्या आणि घास मोजल्यासारखे ओठ हलवायच्या.

भांडायचं तर समोर दुष्ट माणूस लागतं. इथे समोर होती ती रोज सुनेच्या पायांना तेल लावणारी बाई. दैवशालाच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, इतके की ती कळवळून उठायची. गोपिकाबाई लगेच उठून बसायच्या, पाय मांडीवर घ्यायच्या, चोळत राहायच्या. "जरा दम धर माय, सुटंल." ज्या हातांनी दार अडवलं होतं, तेच हात पाय चोळत होते. दैवशालाला रडायला यायचं आणि का रडते ते सांगता यायचं नाही.

राधाकिसनना हे सगळं दिसत होतं. ते एकदा जेवताना म्हणाले, "गाभण मेंढीलाबी मिठाचा खडा चाटायला देतो आपण. हिला तर तेबी न्हाई."

"मेंढी आन सून सारखी का?" गोपिकाबाई म्हणाल्या.

"न्हाई. मेंढी निदान चरून तरी येती."

गोपिकाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

पायातले गोळे आणि मधूनच पोटाला येणारा ताण, हे गावातल्या आशा कार्यकर्तीला, मनीषाला कळलं तेव्हा तिनं हट्टानं जालन्याला बायकांच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवलं. गोपिकाबाई बरोबर होत्याच. तिथल्या डॉक्टर अर्पिता मॅडम तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावर ढकलायची त्यांना सवय होती. त्यांनी दैवशालाला विचारलं, "काय काय खातेस?"

"समदं खाती," गोपिकाबाई म्हणाल्या.

"मी तिला विचारलं, आजी."

"ती लाजती. म्हणून मी सांगून राह्यले."

रक्ताचा अहवाल आला तेव्हा मॅडमनी दोघींना समोर बसवलं. अंगात मॅग्नेशियम कमी आहे, असं त्या म्हणाल्या. तो एक क्षार आहे, मिठासारखाच, पण वेगळा. स्नायू आखडल्यावर पुन्हा सैल पडायला तो लागतो. कमी पडला की पायात गोळे येतात. गर्भाची पिशवी हाही एक स्नायूच आहे. "पहिलं बाळ लवकर आलं ते याच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. त्याची कारणं पुष्कळ असतात, आणि कधी कधी कारण सापडतच नाही. पण जे कमी आहे ते भरून काढू." त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक पहिलं बाळ लवकर आलं म्हणून, दुसरी मॅग्नेशियमची. खायला तीळ, शेंगदाणे, बाजरी, भोपळ्याच्या बिया, पालेभाजी सांगितली. मग त्या पुढे वाकून दैवशालाला म्हणाल्या, "आता नीट ऐक. पोट आवळून आलं, सुटलं, पुन्हा आवळलं, असं थांबून थांबून व्हायला लागलं तर घरी वाट बघायची नाही. आमच्याकडे बाळाच्या छातीसाठी इंजेक्शन आहे, डोक्याच्या रक्षणासाठी आहे. पण ती बाळ येण्याआधी काही तास मिळाली तर उपयोग. आधीच्या वेळेसारखं वाटेत झालं, तर माझ्या हातात काही राहत नाही."

गोपिकाबाईंनी मान हलवली. येताना एसटीत त्या म्हणाल्या, "चांगली हाय बाई. पण लेकरंबाळं झालेली दिसत न्हाई तिला."

गोळ्या सुरू झाल्या. पायातले गोळे कमी झाले. पण त्या पांढऱ्या गोळीनं दैवशालाचं पोट ढिलं झालं, दिवसातून दोन-तीनदा जावं लागू लागलं. असं होऊ शकतं हे मॅडमनी सांगितलं होतं, फार झालं तर गोळी बदलून देऊ असंही सांगितलं होतं. गोपिकाबाईंच्या कानावर ते गेलं नाही, किंवा गेलं ते तिथे टिकलं नाही. त्यांच्या लेखी पोट सुटणं म्हणजे आतलं सगळं खाली सरकणं. मेंढीला हगवण लागली की कोकरू पडतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट फडताळातून दिसेनासं झालं.

"आत्याबाई, गोळ्या?"

"दुसऱ्या घे. त्या पांढऱ्या नकोत. आतडं सोडवायल्यात त्या."

"पण मॅडमनी..."

"मॅडम यायची का इथं, पोट धरायला?"

दैवशालानं सुग्रीवला फोन लावला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो म्हणाला, "आईचं ऐक थोडं. तिला लई भ्या हाय गं. पहिल्या वक्ताला तिनं दोन दिस भाकर खाल्ली न्हवती." दैवशाला म्हणाली, "मलाबी भ्या हाय." त्याला ते ऐकू गेलं नसावं. मनीषा आली की गोपिकाबाई दोघींच्या मधे पाट टाकून बसायच्या आणि गोळ्या चालू आहेत म्हणून सांगायच्या. दैवशाला सासूच्या पाठीकडे बघत बसायची. खोटं बोलणाऱ्या माणसाची पाठ अवघडलेली असते असं म्हणतात. ही पाठ अगदी सरळ असायची. पाचसहा दिवसांत पोटऱ्यांतले गोळे पुन्हा सुरू झाले.

आठवा महिना नुकताच लागला होता आणि होळीच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण आलं.

दुपारी लागणार होतं आणि चंद्र उगवल्यावर थोड्या वेळानं सुटणार होतं. वेध सकाळपासूनच होते. दुपारपर्यंत गर्भारणीला सवलत असते, म्हणून दैवशालाला दूध-भाकरी मिळाली, त्यानंतर पाणीही नाही. गोपिकाबाईंनी मधल्या खोलीच्या झरोक्यावर गोधडी ठोकली. विळी, सुई, कात्री सगळं घराबाहेर नेऊन ठेवलं. दैवशालाला बाजेवर उताणं निजवून पाय जोडून घेतले, हात अंगालगत ठेवले. "आता असंच. हात वाकला तर लेकराचा हात वाकतो. नखानं अंगसुदीक खाजवू नको." मग दाराला आतून कडी घालून त्या दाराशी पाठ लावून बसल्या. त्यांनीही सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

बाहेरून राधाकिसनचा आवाज आला. ते आज मेंढरं लवकर आणून बसले होते. "चंद्र तर अजून उगवायचाय. आन म्हणे गिरान लागलंय."

"तुमी गप बसा," आतून उत्तर गेलं.

काळोखात वेळ कळत नाही. पत्रा तापला होता. दैवशालाला आधी डाव्या पोटरीत गोळा आला. असा गोळा आला की पाऊल वर ओढायचं असतं, म्हणजे सुटतो. तिनं गुडघा उचलला, तोच गोपिकाबाईंनी येऊन दोन्ही पाय घोट्याशी धरून सरळ केले. त्यांनी ते हळूच केलं, पण सोडले नाहीत. दैवशालानं पदर तोंडात धरला. गोळा आपोआप उतरला, आणि तो उतरतो न उतरतो तोच पोट आवळलं. दगडासारखं. मग सुटलं. तिनं वाट पाहिली. पुन्हा आवळलं.

पहिल्या वेळी शेतात असंच सुरू झालं होतं.

"आत्याबाई, पोट आवळून राह्यलंय."

"उपाशी हाय म्हणून. सरळ पड."

"न्हाई. थांबून थांबून यायलंय. मॅडमनी सांगितलं होतं, असं झालं तर लगेच निघायचं."

"निघू की. गिरान सुटू दे. किती येळ राह्यला आता?"

"वाटेत व्हईल, आत्याबाई. पहिल्यासारखं." दैवशाला उठून बसली. गोपिकाबाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुला हात जोडते माय. आत्ता बाहीर नको. मागून जन्मभर लोकं म्हणत्यात. तुला ठाव न्हाई ते कसं असतं."

दैवशालाला काळोखात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच ती विचारू शकली. "ह्यांच्या वक्ताला तुमी खरंच वांगी चिरली होती का?"

बाहेर मेंढरं एकमेकांना घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"न्हाई," गोपिकाबाई म्हणाल्या.

"मंग काय चिरलं होतं?"

"काहीच न्हाई. सासूनं घोंगडीखाली निजवलं होतं मला, माळावर. अंगावर मुंगळे चढले. हात हालवला न्हाई मी. लघवी तिथंच झाली, तरी उठले न्हाई. गिरान सुटलं तेव्हा पाय वाळल्या लाकडावानी झाल्ते, दोघींनी धरून उभं केलं. आन सुग्रीव झाला तर ओठ तसा. सासू म्हणली, काय चिरलंस सांग. मी म्हणलं, काही न्हाई. ती म्हणली, चिरल्याबिगर असं होतंच न्हाई. समदे तेच म्हणले. वांगी कुणी काढली ते मला आजतागायत ठाव न्हाई. इतक्या वर्सांत मलाबी वाटायला लागलं, चिरली असतील. झोपेत."

"हे कुणाला सांगितलं तुमी?"

"कोण इस्वास ठिवणार?"

"मी ठिवते," दैवशाला म्हणाली. तेवढ्यात पोट पुन्हा आवळलं. या वेळी तिनं बोलायचा प्रयत्न केला नाही. सासूचा हात धरून तिनं आपल्या पोटावर ठेवला आणि दाबून धरला.

त्या हातानं किती अडलेल्या मेंढ्या सोडवल्या असतील त्याचा हिशोब नाही. पोटाचा कोणता कडकपणा उगाचचा आणि कोणता खरा, हे त्या हाताला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ताण पूर्ण उतरेपर्यंत गोपिकाबाईंनी हात काढला नाही. मग त्या म्हणाल्या, "या कळा हायत." त्यांचा आवाज आता वेगळा होता, बाजारातल्यासारखा.

त्यांनी कडी काढली. खुंटीवरची घोंगडी घेऊन दैवशालाच्या डोक्यावरून पायांपर्यंत घातली आणि तिला उठवलं. "खाली बघून चाल. वरती बघू नको. वरचं मी बघते."

दारात राधाकिसन उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग काही न विचारता पायताण पुढे सरकवलं.

शेजारच्या वस्तीवर अप्पारावची जीप होती. एरवी तो माणसं कोंबून जालन्याला नेतो-आणतो. आज जीप झाडाखाली होती आणि तो घरात तोंडात तुळशीचं पान धरून बसला होता. "काकू, गिरानात गाडी काढू? सुटलं की लगेच निघू ना."

"गाडी गाभण हाय का तुझी?" गोपिकाबाई म्हणाल्या. "न्हाई ना? मंग काढ. जल्दी."

अप्पारावनं पान गिळलं आणि किल्ली घेतली.

रस्ता दीड-दोन तासांचा. गोपिकाबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि एक हात पोटावर ठेवला होता. दर कळेला त्या काही न बोलता अप्पारावच्या खांद्यावर बोट टोचत. म्हणजे खड्डे बघून चालव. अर्ध्या वाटेत पूर्वेला चंद्र वर आला, तांबूस, कडेला खाल्ल्यासारखा. दैवशाला घोंगडीखाली होती. गोपिकाबाईंनी मात्र त्याच्याकडे टक लावून पाहिलं. एवढं आयुष्य ग्रहणं पाळण्यात गेलं, पण ग्रहण लागलेला चंद्र त्यांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

दवाखान्यात अर्पिता मॅडमच होत्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "वेळेत आलात. अजून हातात आहे." बाळाच्या छातीसाठी एक इंजेक्शन दिलं. मग शिरेतून दुसरं औषध सुरू झालं, आणि दैवशालाच्या अंगभर चुलीपुढे बसल्यासारखी ऊब पसरली, कानापर्यंत. सिस्टर तिचा श्वास मोजत होती. मॅडम मधून मधून येऊन छोट्या हातोडीनं तिच्या गुडघ्यावर टिचकी मारत आणि पाय उडतो का ते बघत.

"हे कशाचं औषध?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"मॅग्नेशियमच. त्या गोळ्यांमध्ये होतं, त्याचाच दुसरा प्रकार. पण हे खूप जास्त असतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी आहे हे."

गोपिकाबाईंनी सलाईनच्या थेंबांकडे पाहिलं. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून चुरगळलेलं पाकीट काढून मॅडमपुढे धरलं. फक्त वरच्या काही गोळ्या फोडलेल्या होत्या.

"मी बंद केल्त्या ह्या. पोट ढिलं व्हायलं म्हणून. आन तीळ, बाजरी, काही दिलं न्हाई मी तिला. ती मागत होती. ह्याच्यानंच झालं ना हे?"

मॅडमनी पाकीट हातात घेतलं, चष्मा वर ढकलला. "बंद करायला नको होत्या. मला विचारायला हवं होतं. पण याच्यामुळेच झालं असं मी नाही सांगू शकत, आजी. गोळ्या घेतल्या असत्या तरी कदाचित कळा आल्या असत्या. खूप जणींना येतात."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

"तुमी एवढ्या शिकलेल्या. हो म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा."

"खरं तेच सांगते. माहीत नाही."

गोपिकाबाई बाकावर जाऊन बसल्या. दैवशाला पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहत होती. जे केलंच नव्हतं त्याचा ठपका या बाईवर सगळ्या जगानं न विचारता ठेवला होता. आज केलेलं त्या स्वतः उघड करून सांगत होत्या, तर ठपका ठेवायला कुणी तयार नव्हतं. दैवशालाला राग यायला हवा होता, आणि तो आलाही होता. जीपमध्ये, खड्ड्याखड्ड्याला आला होता. पण तो ठेवायला मोकळी जागा तिला त्या बाईत कुठे दिसेना. ती म्हणाली, "आत्याबाई, पाणी प्या आता. गिरान सुटलं."

"तू पी आधी," गोपिकाबाई म्हणाल्या.

कळा थोड्या मंदावल्या. पुरत्या थांबल्या नाहीत, पण दोन दिवस हाती लागले आणि मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे तेवढे पुष्कळ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. बारीक, पण आवाज करणारी. ओठ, हात, पाय सगळं जिथल्या तिथे होतं. भावकीतली एक बाई भेटायला आली तेव्हा तिनं पहिल्यांदा बाळाचा ओठ बघितला. गोपिकाबाईंनी तिला तो नीट बघू दिला, मग म्हणाल्या, "झालं बघून? आन आता ऐक. सुग्रीवच्या वक्ताला मी वांगी चिरली न्हवती."

बाई गोंधळली. "आता कशाला ते, इतक्या वर्सांनी?"

"आसंच. सांगायचं राह्यलं होतं."

मुलगी काचेच्या पेटीत होती ते दिवस, आणि नंतरचे पुष्कळ दिवस, लांबले. पेटीतून काढल्यावर सिस्टरनं सांगितलं की बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, तासन्‌तास, न हलता. आईची ऊब त्याला औषधासारखी लागते, आणि आई थकली तर घरातलं दुसरं कुणीही बसू शकतं. दैवशाला थकायची तेव्हा गोपिकाबाई बसायच्या. चोळी सोडून, बाळाला छातीशी बांधून, वर घोंगडी घेऊन. न हलता बसण्यात त्यांचा हात धरणारं त्या वॉर्डात कुणी नव्हतं. दुसऱ्या बायका आपसात कुजबुजायच्या की म्हातारीला झोप लागली की काय. झोप लागलेली नसायची. डोळे उघडे असायचे आणि बाळाच्या पाठीवरच्या हाताची बोटंसुद्धा हलायची नाहीत. एकदा दैवशाला म्हणाली, "जरा पाय मोकळे करा, मी घेते."

"ऱ्हाऊ दे. आता तर कुठं उपेगी पडायलं हे."

घरी सोडताना मॅडमनी बजावलं की पहिलं वर्षभर तपासण्या चुकवायच्या नाहीत. डोळे, कान, वजन. वस्तीचा रस्ता पावसाळ्यात चिखलानं बंद होतो, ओढ्याला पाणी आलं की जीपही पोचत नाही. म्हणून सुग्रीवनं कुंभार पिंपळगावात बसथांब्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली. दैवशाला म्हणाली, मी आणि बाळ राहतो, मनीषाताई आहे जवळ. गोपिकाबाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. मग दैवशालानं एक अट घातली. आपल्या गोळ्या आपण ठेवू, आणि डॉक्टरांशी आपण बोलू. गोपिकाबाई म्हणाल्या, "बोल की. मी काय तोंड धरलंय का तुझं?" पण त्यांनी ते मान्य केलं, आणि अजून तरी मोडलेलं नाही. डॉक्टरांपुढे त्या ओठ घट्ट मिटून बसतात. ते किती अवघड जातं, हे त्यांच्या हनुवटीवरून कळतं.

खोली लहान आहे आणि समोर भिंत आहे. गोपिकाबाई उभ्या आयुष्यात चार भिंतींत इतक्या कधी राहिलेल्या नव्हत्या. मोकळ्या रानाची सवय असलेल्या माणसाला खोलीत बसवलं की ते कोपऱ्याकडे तोंड करून बसतं, तशा त्या दुपारी बसतात. दैवशाला त्यांना म्हणते, चार दिवस वस्तीवर जाऊन या, मेंढरं बघून या. त्या म्हणतात, "जाते की," आणि जात नाहीत. बाळ निजलं असेल तर त्या त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघतात, उठलं असेल तर त्याला घेऊन येरझाऱ्या घालतात. पाच पावलं तिकडे, पाच पावलं इकडे. आता तरी त्यांना एवढं कोण अडकवून ठेवतं, हे दैवशालाला पुरतं कळत नाही. विचारलं तर त्या एकच सांगतात, "त्या डाक्टर बाईनं अजून हो म्हणलं न्हाई आन न्हाई म्हणलं न्हाई."

मुलीचं वजन वाढतंय. ती आता मान धरते आणि आवाजाकडे वळून बघते.

बाजाराच्या दिवशी राधाकिसन पिंपळगावला येतात, खोलीच्या पायरीवर बसून चहा पितात आणि कोणती मेंढी व्याली ते सांगतात. मेंढरांची खबर गोपिकाबाईंना सध्या तेवढीच असते.